तुमचा बीकर

अण्णा, आज दुपारी जे कळलं, ते ज्यांना सांगावं असे तुम्हीच होता. कारखान्याच्या लॅबमध्ये तुमच्या टेबलावर आता मी बसते. भंगार वितळवून सळई होते, तिच्यात तांबं किती आलंय हे आम्ही अजून रंगावरूनच तपासतो. रंग गडद तर तांबं जास्त, आणि तांबं जास्त तर सळईला चिरा. मला अजून दिसतं, कॉलेजच्या सुट्टीत मी तुमच्याजवळ उभी आहे, स्टीलचा कीस घाईनं ॲसिडमध्ये टाकतेय आणि तुम्ही खेकसता, "आधी ब्लँक कर. स्टील न टाकता सगळं करून बघ. आपल्या पाण्यात, भांड्यात किती तांबं हाय तेच ठाव न्हाई, मंग वजा काय करशील?" मी फुगून डबा खाल्ला नाही. संध्याकाळी तुम्ही तुमचा बीकर माझ्या हातात ठेवलात.

तुम्ही गेल्यावर महत्त्वाचं ते सगळं मी त्याच बीकरमध्ये करत आले. तांबं किती आहे हे ठाऊक असलेलं, रंग ताडून बघायचं द्रावण त्यातच, रोजचा ब्लँकही त्यातच. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आज तो धुवायचा राहिला होता म्हणून ब्लँकला नवा घेतला. ब्लँक पाण्यासारखा नितळ आला आणि स्टीलमधलं तांबं मर्यादेच्या वर गेलं. पुन्हा केलं, तेच. तुमच्या बीकरच्या ओरखड्यांत अडकलेलं तांबं मी ब्लँकमध्ये मोजत होते आणि दर वेळी स्टीलमधून वजा करत होते. शिकलेल्या बाईला हे कळायला नको होतं का?

कारखान्याच्या साहेबांना म्हटलं, सळईची गाडी सोडू नका. ते म्हणाले, "गाडी थांबवतो, ताई. पन आधी गेल्या त्यांचं काय?" त्या गाड्यांचे जपून ठेवलेले नमुने काढलेत. काही मर्यादेत बसले, बाकीचे उद्या. मस्तगडात आपल्या गल्लीच्या तोंडाशी स्लॅबची सळई बांधून राह्यलेत. मी खाली बघत घरी आले.

लॅबमधून निघताना साहेबांनी विचारलं, "हा जुनाट बीकर इथं आणला कुणी?" तुमचं नाव ओठांवर आलं होतं, अण्णा. मी म्हटलं, माझाच आहे.