मधे बोलू नका

पप्पा, स्पेलिंग चुकलं तर माफ करा, आणि टायपिंग बी लई हळू आहे. कोड भरभर लिहिते मी, पण मराठी अक्षरं कीबोर्डवर शोधावी लागतात. तुम्ही असते तर म्हटलं असतं, "राहू दे, तिला नाही जमत, मी लिहितो."

हेच म्हणत होते ना नेहमी. केळीची गाडी भरायला आली, ड्रायव्हर प्रेमानं विचारतो, "क्या नाम है बेटा?" मी तोंड उघडते तोवर तुमचं सुरू, "गूंगी है भाईसाब, घरवालों से ही बोलती है." सगळे हसतात. मी मुकी नव्हते पप्पा. मला टाइम लागत होता, बस. सातवीत बाईंनी धडा वाचायला उभं केलं, मी नुसती उभीच राहिले, तर तुम्ही शाळेत जाऊन सांगितलं, "बोलतच नाही तर शिकून काय करणार?" आणि नाव काढून घेतलं. आई रडली तर तिच्यावर बी ओरडले. त्याच उन्हाळ्यात तुम्ही वारले. मला परत कोणी शाळेत घातलं नाही. तुम्ही गेले तेव्हा मी रडले नव्हते, आज सांगते.

इतवारा बाजारात कपड्याच्या दुकानाच्या वर कोडिंगचा क्लास आहे, शाळा सोडलेल्यांना बी घेतात. तो केला मी. पण नोकरी मिळेना. दोन कंपन्यांनी व्हिडिओ कॉलवर प्रोग्राम लिहायला लावला, माझा बरोबर चालला, तरी नापास. का तर लिहिता लिहिता मोठ्यानं सांगावं लागतं, काय करतोय, का करतोय. मी गप. आई म्हणे, "यावेळी नाही झालं तर चल माझ्यासोबत केळीच्या पॅकिंगला."

मग क्लासच्या मॅडम म्हणाल्या, "घरी समोर रिकामी खुर्ची ठेव. ज्याला यातलं काहीच कळत नाही असं कोणी बसलंय समज, त्याला समजव." बाकी पोरींनी आजीला बसवलं, भावाला बसवलं. मी तुम्हाला. आणि काय बोलले मी! "ऐका. ही नावं आहेत. एकेक बघायचं, डबल आलं तर फेकायचं. नाही कळलं? मग गप बसून ऐका. मधे बोलू नका." रोज. आई भाजी चिरता चिरता विचारे, "कोणावर भडकतेय गं?"

शुक्रवारी इंदूरच्या कंपनीचा कॉल होता. मी लिहीत होते, सांगत होते, एका जागी अडकले. समोरचे सर म्हणाले, "मैं बता दूँ?" आणि माझ्या तोंडातून निघालं, "मधे बोलू नका!" मराठीत. जोरात. दरवाजात आईनं कपाळावर हात मारला. सर हसले, "ठीक है मॅडम, नहीं बोलता." माझी चूक मीच शोधली, सांगत सांगत.

आज फोन आला. घेतलं मला.

थँक्यू नाही म्हणणार. गाडीवाल्यासमोर जे म्हटलं ते माफ बी नाही करणार. पण सोमवारपासून रोज सकाळी कंपनीत सगळ्यांसमोर सांगायचं असतं, काल काय केलं, आज काय करणार. त्याची प्रॅक्टिस करायची आहे. खुर्ची मी अजून उचलली नाही. बसा. फक्त बोलू नका.

हे ड्राफ्टमधेच ठेवते, पाठवणार कुठं. आणि हो, बाजूच्या काकूंची म्हैस व्याली, रेडकाच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे.