आयुधपूजेतली पट्टी

हे मृत्युपत्र लिहायला मला माझ्या नातीने, निधीने, भाग पाडले. ती पाच वर्षांची आहे. मला आजार नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉ. जयतीर्थ यांनी लेखी दिले आहे. कोणाच्या दडपणाखाली लिहिणाऱ्यांतली मी नव्हे, हे मला ओळखणारे सांगतील.

मी शैला वसंतराव सबनीस, वय ७३, बी.एस्सी., बी.एड., निवृत्त गणित शिक्षिका, राहणार वेस्ट मांबलम, चेन्नई. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. काय घडले. आयुधपूजेला आमच्याकडे ज्याने त्याने आपल्या कामाची वस्तू देवापुढे ठेवायची असते. वसंतराव गिंडीच्या कारखान्यात टूलरूमला होते. त्यांची हत्यारे अजून मांडतो. यंदा सून संयुक्ता निधीला म्हणाली, "अप्पांचं आयुध आण." अप्पा म्हणजे निधीचे वडील, माझा मुलगा श्रीहरी. त्याचा लॅपटॉप समोर टेबलावर होता. निधी आत गेली आणि दाराआडची लाकडी पट्टी घेऊन आली. उजव्या हातात पट्टी, डावा हात फ्रॉकमागे. तिनेच पट्टीला कुंकू लावले. श्रीहरीने ओरडायला तोंड उघडले. मी म्हटले, "राहू दे. बरोबर आणलंय तिने."

२. पट्टीविषयी. सागवानी, एक फुटी, मूळची माझी. निधी डावखुरी आहे. डाव्या हाताने जेवली, प्रसाद घेतला, की श्रीहरी तिला पट्टीने मारतो. संयुक्ता भांडते. तो म्हणतो, "मी मार खाऊनच सरळ झालो. माझं काय बिघडलं?"

काय बिघडले ते लिहिते. श्रीहरीही डावखुरा होता. तो तिसरीत असताना मी याच पट्टीने त्याच्या डाव्या हातावर मारले. करंगळी सुजली. टी. नगरच्या दवाखान्यात जाताना बसमध्ये मी त्याच्याकडून पाठ करून घेतले, "जिन्यावरून पडलो." डॉक्टरांपुढे तो एकदाही अडखळला नाही, आणि मला त्याचे कौतुक वाटले. वसंतराव गेले, त्यांना हे कधी कळले नाही. ती करंगळी आजही सरळ होत नाही.

शाळेत छडी बंद झाली तेव्हा स्टाफरूममध्ये विरोधाचा सर्वांत मोठा आवाज माझा होता. माझे चुकत होते. मी म्हणत असे, छडी वेगळी, पट्टीची हलकी चापटी वेगळी. हलकी चापटी जड कधी होते ते मारणाऱ्याला कळत नाही; मला कळले नव्हते. मुलाला शिस्त लावायला दहा वेळा सांगावे लागते आणि आईबापांना एकदाच सांगून मोकळे व्हायचे असते. मार येतो तो त्या घाईतून. श्रीहरीची माफी मी तोंडाने मागितलेली नाही. इथे मागते.

३. फ्लॅट. पहिल्या मसुद्यात मी अट घातली होती की निधीवर पुन्हा हात उचलला तर श्रीहरीला घर नाही. वकील गुरुमूर्ती मला इकडच्या रीतीने मामी म्हणतात; ते म्हणाले, "मामी, ही अट कोर्ट मोजणार कशी? निदान मृत्युपत्राचं पाकीट बंद तरी ठेवा." मी ऐकले नाही. गेल्या रविवारी श्रीहरी आणि संयुक्ता यांना बसवून मसुदा मोठ्याने वाचला. श्रीहरी बराच वेळ करंगळी चोळत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तू अजून मारतेच आहेस, आई. फक्त पट्टी लांब केलीस."

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी अट खोडली.

फ्लॅट श्रीहरी आणि संयुक्ता यांना निम्मा निम्मा, विनाअट. संयुक्ताचा निम्मा वेगळा लिहिते, कारण मुलीसाठी भांडताना 'घर कोणाचं' हे तिला ऐकून घ्यावे लागू नये.

४. बँकेतील ठेव निधीच्या शिक्षणासाठी, संयुक्ता सांभाळेल. माझे मनगटी घड्याळ निधीला. कोणत्या हातात बांधायचे ते ती ठरवेल. वसंतरावांची हत्यारे श्रीहरीला; गंज चढू देऊ नये. नणंदेने नेलेले माझे चांदीचे तबक तिच्याकडेच राहो. ती परत करायला आली तरी घेऊ नये.

५. माझ्या तेराव्याला निधी ज्या हाताने जेवेल त्या हाताने जेवू द्यावे. पंगतीतल्या कोणी टोकल्यास त्याला वाढणे थांबवावे.

६. पट्टी मी कोणाच्या नावे करत नाही. ती श्रीहरीकडे आहे. तिचे काय करायचे हे मी सांगणार नाही. सांगून पाहिले, धाक घालून पाहिला. आता उपाय उरलेला नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी संयुक्ताने करावी.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

शैला वसंतराव सबनीस

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. अलमेलू, खालच्या मजल्यावरील शेजारी
२. डॉ. जयतीर्थ

चेन्नई, रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

नोंद: आजच, सह्या झाल्यावर, साक्षीदार घरात असतानाच, श्रीहरी याने एक लाकडी पट्टी, एक फुटी, माझ्या हाती दिली. तिच्यावरचे कुंकू होते तसेच आहे. पट्टी त्याने डाव्या हाताने दिली. मी घेतली.

शै. व. स.