सूनबाईंची तीन रिळं

यामिनी,

रविवारी तुझ्या मैत्रिणींसमोर मी म्हणालो, "एक बास मासा धरायला गळाची तीन रिळं? सूनबाईंचे मासे मेनूकार्ड बघून येतात का?" सगळ्या हसल्या, तू हसली नाहीस.

आज तू ऑफिसला गेल्यावर तुझं सगळ्यात वेगवान रीळ तळ्यावर नेलं आणि त्याला आमिषाचा, खोल बुडणारा खोटा मासा लावला. ओढून ओढून मनगट गेलं, तेव्हा कळलं, त्याला सावकाश फिरणारं, दमदार रीळच हवं. पुढच्या फेकीला रिळावर अंगठा ठेवायचा राहिला. ते भरकन फिरत राहिलं आणि दोरीचा गुंता होऊन पार घरटं झालंय. समोर माफी मागायला तोंड नाही, म्हणून चिठ्ठी. ट्रेनने इप्सविचला नवी दोरी आणायला गेलोय.

शनिवारी मैत्रिणींबरोबर मलाही तळ्यावर ने. हसायची सोय मीच करतो, या वेळी माझ्यावर.

बाबा