गोठलेल्या आयरिसवरची पैज

गदान्स्क, १४ मे

ती. झोफ्यामावशीस,
हाल्श्काचा सा. न. वि. वि.

उद्या संत झोफ्याचा दिवस; तुझ्या नामदिनाच्या शुभेच्छा तुला उशिराच मिळणार. रेडिओवर तोरुनच्या थंडीचा कडाका ऐकला आणि आधी आठवण तुझी नाही, काकांच्या आयरिसची झाली, याची थोडी लाज वाटते. इग्नात्सी काकांनी दोन जातींच्या संकराचं बी धरून वाढवलेलं ते रोप यंदा पहिल्यांदा फुलणार होतं. रंग बघायला ते राहिले नाहीत. निदान तू तरी बघावास. दांडा मऊ पडला असेल तर बुडातून काप, नाहीतर कंदही सडेल. तुला बागकाम शिकवणारी मी कोण, हे कळतं. पण जीवशास्त्राच्या मास्तरणीला गप्प बसवत नाही. रागाव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी हाल्श्का

तोरुन, १८ मे

चि. हाल्श्कास,
मावशीचे अ. उ. आ.

दांडा उकडलेल्या पालकासारखा झाला होता. काकांच्याच वस्तऱ्याने कापला. नामदिन मात्र रद्द केला नाही. मंडळी आली, काळ्या पडलेल्या कळ्यांमध्ये बसून रूबार्बचा केक खाऊन गेली. मेमधली शेवटची थंडी झोफ्याच्याच नावाची, ‘थंड झोश्का’, त्यामुळे दरवर्षीसारखं सगळ्यांनी मलाच धरलं, की झोश्काबाई, ही तुमचीच करणी. मी म्हटलं, माझीच, आणि पुढच्या वर्षीही करीन.

मग बागसंघाचे अध्यक्ष कालिक्स्त टोमॅटोची रोपं घेऊन पुढे झाले. म्हणाले, वहिनी, गेलं ते गेलं, तो कंद उपटा आणि हे लावा. मी सांगितलं, कंद अजून माझ्या मुठीइतका घट्ट आहे. हवी तर मूठ बघा.

काकांची आणि माझी पैज तुला ठाऊक आहे. ते म्हणायचे फूल निळं येईल, मी म्हणते चिखलाच्या रंगाचं. हरणाऱ्याने बागेच्या फाटकाशी चारचौघांत म्हणायचं की तुझंच खरं होतं. सबंध संसारात हे वाक्य आम्हा दोघांपैकी कुणाच्याही तोंडून निघालेलं नाही. पैज अर्धी टाकून ते गेले, म्हणून मी सोडू?

बागेत गारठा असला तरी तुझ्यावरची माया शाबूत आहे.

झोफ्यामावशी

तोरुन, १४ जून

चि. हाल्श्कास, अ. उ. आ.

कंदाच्या कडेने एक दांडा आला, वीतभरही नाही. त्यावर एकच कळी. काल उघडली. निळी. काकांच्या रविवारच्या शर्टाची निळी. मी पालथ्या बादलीवर बसून बराच वेळ बघत राहिले. तेवढ्यात कालिक्स्त कुंपणावरून म्हणाले, इग्नात्सीचं खरं झालं की हो. मी म्हटलं, थंडीने लुळ्या झालेल्या बुटक्या फुलाची साक्ष मी मानत नाही.

तू शिकलेली. थंडीने रंग बदलतो की नाही, खरं सांग. माझी बाजू घेऊ नकोस, घेतलीस तर मला कळेल, आणि मग लोभाची हमी नाही.

मावशी

गदान्स्क, २० जून

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

हे पत्र मी लिहून फाडत होते. थंडीने रंग फिका पडतो, पाकळ्यांवर डाग येतात; चिखलाचा निळा होत नाही. काका बहुधा जिंकले आहेत.

पण आयरिस वाढवणारे पहिल्या फुलावर निवाडा करत नाहीत, पुढच्या मोसमात पूर्ण उंचीच्या दांड्यावर बघतात. तुला बरं वाटावं म्हणून तर हे लिहीत नाही ना, असं स्वतःला विचारलं आणि पुस्तक पुन्हा उघडलं. तिथे तसंच आहे. काकाही तेच करायचे. म्हणजे पैज सुटलेली नाही. पुढच्या नामदिनाला मी येते. पुन्हा निळं आलं तर फाटकाशी तुझ्या शेजारी उभी राहीन, पण वाक्य तुलाच म्हणावं लागेल. तोवर लोभ धरून ठेव.

तुझी हाल्श्का

तोरुन, २६ जून

चि. हाल्श्कास, अ. उ. आ.

ये. कंदाला बाजूने नवे कोंब फुटलेत. कालिक्स्तनी ठेवून दिलेली टोमॅटोची रोपं परत पाठवली. वाक्य पाठ करणार नाही.

मावशी