मुक्या पियानोपाशी

प्रिय ऑर्विल,

आपला तो सिनेमा इथे कोपऱ्यावरच्या थिएटरात पुन्हा लागलाय. काल दुपारी एकटीच जाऊन बसले. गुत्त्यात गाणारी ती लाल झग्यातली बया म्हणजे मीच, हे शेजारच्या बाईला कुठलं कळायला! ती पोट धरधरून हसत होती, आणि वर मलाच म्हणाली, "काय आगाऊ पोरगी आहे हो!" मी मान डोलावली.

सगळंच खोटं होतं रे तिथे. व्हिस्की म्हणून गार चहा प्यायचा. गाणं दुसऱ्याच बाईनं आधी गाऊन ठेवलेलं, मी नुसते ओठ हलवायचे. तुझ्या पियानोच्या तर आतल्या हातोड्यांना कापड गुंडाळलेलं, आवाज म्हणून निघायचा नाही. त्या गाण्याची तबकडी वाजत असली की सेटवर कोण काय बोललं ते कुठेच उमटत नाही, याचा तू पुरेपूर फायदा घ्यायचास. कॅमेऱ्याकडे पाठ करून दिग्दर्शकाच्या टकलावर रोज काहीतरी नवीन बोलायचास, आणि हसू दाबताना माझी पंचाईत व्हायची.

मग त्या दिवशी, कॅमेरा चालू असताना, तू म्हणालास, "व्हर्ना, लग्न करतेस का माझ्याशी? थट्टा नाही करत." गाण्यातली पोरगी नेमकी तेव्हाच पियानोवाल्याला झिडकारत होती. मला मान हलवून 'नाही रे बाबा' म्हणायचं होतं, खदखदून हसायचं होतं आणि तुझी हॅट उडवायची होती. मी ते सगळं केलं. दिग्दर्शक ओरडला, "अस्सं हसायचं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू हॅट उचललीस, झटकलीस आणि निघून गेलास. तुझं काम तिथेच संपलं होतं. तू पुन्हा विचारशील म्हणून मी वाट पाहत राहिले. तुला वाटलं, उत्तर मिळालं. काल ते हसू पडद्यावर पाहिलं आणि फार वाईट वाटलं. इतकं छान हसले होते मी.

तुझ्या इर्माचं पत्र आलंय. गोड मुलगी असावी. तुमच्या लग्नात ते गाणं मीच म्हणावं आणि तू पियानोवर साथ करावीस, असा तिचा हट्ट आहे. आवाज माझा नव्हता, हे तू तिला सांगितलेलं दिसत नाही. आता सांगूही नकोस. घसा बसलाय म्हण. पण मी येत नाही ते त्यासाठी नाही. तुझ्यासमोर उभं राहून मला पुन्हा तसंच हसावं लागेल, आणि ते आता जमायचं नाही. ऑर्विल, त्या दिवशी मला 'हो' म्हणायचं होतं. एवढं वाचलंस की हे फाडून टाक, आणि इर्माला सुखात ठेव.

एकदाच लिहू दे,
तुझीच,
व्हर्ना