नर्सबाईची घडीची सायकल

॥ श्री ॥

जळगाव जामोद, ता. ८-६-६२

ती. शालिग्रामदादास, पुष्पाचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल. डोंगराकडच्या गावांची फिरती आता माझ्याकडे आली आहे. एसटी पुढच्या जामोद गावापर्यंत जाते. पुढं बाळंतपणाची पेटी आणि वळकटी घेऊन पायीच. म्हणून घडीची सायकल घ्यावी म्हणते, गाडीच्या टपावर टाकता येईल. लष्कराच्या लिलावातल्या तसल्या दोन सायकली तुझ्या दुकानात आल्यात, एक हलकी नि एक जड, असं पंचफुलावहिनीनं कळवलंय. सामान लादून कोणती टिकेल तेवढं सांग. वहिनी पहिलटकरीण, जपा तिला.

माया असू दे.
पुष्पा

शेगाव, ता. १५-६-६२

सौ. पुष्पास, अ. उ. आ.

पत्र वाचून डोकं फिरलं. बाडबिस्तरा बांधून रानोमाळ सायकल हाणणारी बाई आपल्या घरात आजवर झाली नाही. तुझा नवरा नारायणराव दुकानात येऊन चारचौघांत मले विचारून गेला, का बायको नांदायले कधी धाडता. मी दुकान बंद करून घरी आलो. आन तू विचारते कोणती टिकन! मी एकही देणार नाही. तुझ्या नोकरीचाच बंदोबस्त करतो. पंचफुला माहेरी गेली, तुमच्या डोंगराकडच्या गावाले, बापाकडे, कारभारी पाटलाकडे. तिले पत्रं लिहून बिघडवू नको.

भाऊ समजत असशील तर ऐक.
शालिग्राम

जळगाव जामोद, ता. ९-७-६२

श्री. शालिग्राम यांस,

माझ्या नावामागं सौ. लावायला तू विसरत नाहीस. त्या नवऱ्यानं काठीनं माझं मनगट मोडलं तेव्हा दवाखान्यात तूच नेलं होतंस, ते मात्र विसरलास.

तसल्याच दोन्ही सायकली मी अकोल्याला पाहिल्या. हलकी चटकन मिटते, पण मागं पेटी बांधली की तिचा सांधा हलतो आणि हँडल थरथरतं. जड सायकलीला दोन सांधे, दोन्हींचे नट पिळून घट्ट करावे लागतात. वेळ जातो, पण ओझ्यासकट सरळ चालते. जडच घेतली. कंडक्टर कचरू कुरकुरला, मग त्यानंच ती टपावर चढवली. तुझ्यावाचून निवडता आली, हे कळावं म्हणून लिहिलं.

काल दवाखान्याच्या साहेबांनी तुझा माझ्याविरुद्धचा अर्ज दाखवला. फिरतीवर मी कुणाकुणाच्या घरी रात्री काढते म्हणून तू जे लिहिलंस, ते इथं पुन्हा लिहायला माझा हात धजत नाही. चौकशी होईपर्यंत फिरती बंद, गाव सोडायचं नाही, असा हुकूम आहे. आपल्या आईच्या पोटचा तू, हे मी साहेबांना सांगितलं नाही. लाज वाटली.

लोभ मागत नाही.
पुष्पा

शेगाव, ता. २-८-६२

पुष्पे,

पत्र माणसाच्या हाती धाडतो. कारभारी पाटलांचा निरोप आला, पंचफुलेचे दिवस भरले. मूल पायाळू आहे असं तिथली सुईण म्हणते. नाल्याच्या पाण्यानं बैलगाडी निघत नाही. तू जाय. माह्यावर उपकार नको करू, वहिनी म्हणून जाय. अर्जाचं मंग पाहू.

शालिग्राम

जळगाव जामोद, ता. ६-८-६२

श्री. शालिग्राम यांस,

तुला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

साहेबांना सांगूनच गेले. जाब द्यावा लागेल म्हणाले, देईन म्हटलं. नाल्यावर पाणी मांडीभर होतं. न्यायला आलेल्या पाटलांच्या गड्यानं पेटी डोक्यावर घेतली, मी सायकल मिटून खांद्यावर घेतली. मधोमध पाय सरकला तेव्हा तुला मनातल्या मनात फार शिव्या दिल्या. पलीकडं चिखल संपेपर्यंत सायकल ढकलली, मग पेटी बांधून दिवस बुडायच्या आत गाव गाठलं.

पहाटे कळा आल्या. पोरगी पायांनीच आली आणि डोकं अडलं. तेवढ्या वेळात मला तू आठवला नाहीस, अर्जही नाही. डोकं सुटलं तेव्हा निळी पडली होती. पाठ चोळली, तोंड साफ केलं, मग रडली.

दुपारी वहिनीनं विचारलं, का ताई, तुमची फिरती तं बंद होती म्हणे, काऊन? खोटं बोलावंसं वाटलं नाही. सगळं सांगितलं. कारभारी पाटील दारातच उभे होते, त्यांनीही ऐकलं. वहिनीनं पोरीला पदराखाली घेतलं आणि तुला लिहायला सांगितलं, का मी शेगावले येणार नाही; अर्ज खोटा होता असं त्याईनं साहेबासमोर उभं राहून म्हणावं, मंगच पोरीचं तोंड पाहावं. पाटील म्हणाले, लेकीचा शब्द तो माझा.

मी तिला शिकवलेलं नाही. अडवलंही नाही.

मुलीस अनेक आशीर्वाद. तुला सांगण्यासारखं आणखी काही नाही.

पुष्पा