उभं राहून कापायचं कापड

प्रिय ठमे,

परवा व्हिडिओ फोनवर तू पुन्हा सुईत दोरा ओवून दाखवायला लावलंस आणि मीही जादूगाराच्या तोऱ्यात एका झटक्यात ओवला. तू टाळ्या वाजवल्यास. मग हळूच विचारलंस, तिकडची नोकरी आणखी तीन वर्षं वाढवून देताहेत, घेऊ का? मी म्हटलं, घे की, मला काय धाड भरलीय! फोन ठेवला आणि शिलाई मशीनपाशी नुसता बसून राहिलो.

कंपवातावरचं ते यंत्र गुणाचंच आहे, नावं ठेवणार नाही. डोक्यात तारा, छातीत बॅटरी, आणि हात असा गप्प की टीप सरळ जाते. पण ऑपरेशनआधी डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, तू आनंदात ऐकलं नाहीस. थरथर कमी होईल, पण या आजारानं बीपी, घाम, पोट, लघवी बिघडतं, ते यंत्रानं सुधारेल याचा भरवसा नाही. तसंच झालंय. बसल्या जागी शर्ट ओलाचिंब होतो. पोट तर सारखं रुसलेलं. आणि उभा राहिलो की बीपी असं घसरतं की डोळ्यांपुढे अंधारीच. मध्यंतरी कात्रीसकट पडलो. कपाळाला टेंगूळ आलं, म्हणून त्या दिवशी टोपी घालून बोललो तुझ्याशी. तुला वाटलं, म्हातारा नटलाय.

आता घट्ट मोजे दिलेत, गोळ्या बदलल्यात, वर मीठ वाढवा म्हणतात. तुझी आई जन्मभर मिठावरून माझ्या मागे लागायची. आज असती तर डॉक्टरीणबाईंशी भांडली असती.

गंमत बघ, हात हलायचा तेव्हा माणसं होती. शेजारचा इस्त्रीवाला चहाचा कप धरायचा, वरच्या मजल्यावरची मावशी शर्टाची बटणं लावून द्यायची. आता सगळे म्हणतात, मास्तर ठणठणीत झाले, आणि आपापल्या कामाला लागतात. त्यांचं तरी काय चुकलं? हात सगळ्यांना दिसतो, घसरलेलं बीपी कुणाला दिसणार? दिवसभर खुर्चीत बसून दारावरून जाणारे पाय बघतो. फार एकटं वाटतं गं.

शिवणं बसून होतं, कापणं मात्र उभ्यानंच. तू कोटासाठी पाठवलेलं निळं कापड अजून टेबलावर घडीतच आहे. तुला सांगत होतो, गिऱ्हाइकांची गर्दी आहे. कसली गर्दी! येतील त्यांना परत पाठवतोय.

म्हणून हे पत्र. फोनवर तुझा चेहरा दिसला की मी लगेच फुशारतो, खरं तोंडातून निघतच नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी बदलतोय. नको घेऊस ती तीन वर्षं. राग आला तर येऊ दे, शेवटी ठरवायचं तूच, पण माझ्या त्या 'घे की'वर जाऊ नकोस. घरी ये. टेबलाशी खुर्ची ओढून मी खडूनं आखून देईन, कात्री तू चालव. लहानपणी टेबलाखाली बसून चिंध्या कापायचीस, तेवढं येतंच तुला. कोट वाकडा झाला तरी चालेल.

तुझी वाट बघणारा, तुझाच
बाबा